४ टक्के स्वस्त कोटेशन आणि १४ वर्षांचा सप्लायर

प्रश्न असा आहे: "चाकणच्या एका कंपनीत मी ३ वर्षं पर्चेसमध्ये आहे. आमचा कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, सप्लायर भोसरीचा, १४ वर्षं जुना. आता कोल्हापूरच्या एका फौंड्रीचं कोटेशन त्याच्यापेक्षा ४ टक्के कमी आलंय. आमचे साहेब म्हणतात, नातीगोती घरी ठेवा, इथे रेट बघा. सप्लायरशी चांगले संबंध असण्याचा पैशात मोजता येईल असा काही फायदा असतो का, की ती नुसती बोलायची गोष्ट आहे?"

मोजता येतो. मी मोजलाय, म्हणून सांगते.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअरला ट्रेनी म्हणून लागले त्याला आता २८ वर्षं झाली. त्यातली २४ पर्चेसमध्ये गेली, आधी बायर म्हणून आणि नंतर पूर्ण विभाग सांभाळत. सुरुवातीची बरीच वर्षं मीही तुमच्या साहेबांसारखंच म्हणायची. दर महिन्याला किती कॉस्ट डाऊन, म्हणजे रेटमधली कपात, आणलं एवढाच आकडा माझ्या टेबलावर असायचा, आणि तो मी आणायचे. मग एका वर्षी लाइन इतक्या वेळा थांबली की प्लँट हेडनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही वाचवलेले पैसे गेले कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी एक रजिस्टर ठेवायला लागले.

रजिस्टर साधं आहे. प्रत्येक अडचणीची एक ओळ. माल कधी हवा होता, काय अडलं, कोणाकडे अडलं, आणि शेवटचा रकाना: "किती तास आधी कळलं". हा शेवटचा रकानाच सगळं सांगतो. अडचण सगळ्यांकडेच येते. भट्टी बसते, डाय तुटते, ऑपरेटर गावी जातो, प्लेटिंगवाल्याकडे लाइट जाते. चांगल्या सप्लायरकडे आणि वाईट सप्लायरकडे अडचणींची संख्या फारशी वेगळी नसते, हे मला रजिस्टर भरता भरता कळलं. ती आपल्याला कधी कळते, फरक तिथे पडतो.

७२ तास आधी कळलं तर प्लॅनिंगवाले दुसरं मॉडेल आधी घेतात आणि खर्च जवळजवळ शून्य होतो. २४ तास आधी कळलं तर स्पेशल टेम्पो करावा लागतो, रात्रीची शिफ्ट लावायला विनवण्या कराव्या लागतात, दुसऱ्या प्लँटचा स्टॉक उसना आणावा लागतो. काही हजारांत निभावतं. दोन तास आधी कळलं तर लाइन थांबते, शंभर माणसं हात बांधून उभी राहतात, गिऱ्हाइकाची डेबिट नोट (नुकसानीची वजावट) येते. अडचण तीच असते, सप्लायर तोच, पार्टही तोच. खर्च मात्र शून्यापासून लाखांपर्यंत कुठेही जातो, आणि तो ठरतो एका फोनवर.

तो फोन सप्लायर कधी करतो? फोन केल्यावर आपलं नुकसान होणार नाही याची त्याला खात्री असते तेव्हाच. माझ्या दृष्टीने संबंधांची किंमत ती ही. दिवाळीचा डबा, चहा, वाढदिवसाचे मेसेज याच्याशी तिचा काही संबंध नाही. वाईट बातमी लवकर कळणं, एवढाच अर्थ मी घेते.

एकच अडचण दोन फौंड्र्यांनी कशी हाताळली ते सांगते. दोघांकडे वेगवेगळ्या वर्षी इंडक्शन भट्टीची कॉइल गळाली. कॉइलमधून पाणी फिरत असतं; ते गळलं की भट्टी बंद करावीच लागते, तिथे जुगाड चालत नाही. पहिल्या फौंड्रीकडून सकाळी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "माल निघालाय, मॅडम." दुपारी, "गाडी नाशिक फाट्यावर आहे." चार वाजता, "मोशीत ट्रॅफिक आहे." संध्याकाळी लाइन थांबल्यावर कळलं की माल ओतलाच नव्हता. तेव्हा मला भयंकर राग आला. पण आज प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या माणसाला खोटं बोलायला मीच शिकवलं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्याने एकदा खरं सांगितलं होतं, तेव्हा त्याच मीटिंगमध्ये मी त्याचं शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, निम्मं केलं होतं, सगळ्यांसमोर बोलले होते, आणि त्याचं बिलही अडकलं होतं. खरं बोलण्याची शिक्षा त्याला मिळाली होती. माणूस एकदाच शिकतो.

दुसऱ्या फौंड्रीचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांनी रात्री सव्वादहाला फोन केला. "ताई, कॉइल गेली. तीन दिवस भट्टी उठत नाही. माझ्याकडे फिनिश ३४० नग आहेत, ते सकाळी सहाला पाठवतो. बाकीचं शेजारच्या फौंड्रीत ओतून घेऊ का? पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा बनतो तो नमुना) मी स्वतः घेऊन जातो, पण तुमच्या क्वालिटीचा माणूस तिथे उभा पाहिजे." मी क्वालिटीच्या मॅनेजरांना उठवलं. सकाळी आठला त्यांचा इन्स्पेक्टर शेजारच्या फौंड्रीत होता. लाइन एक मिनिटही थांबली नाही. रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात ५८ तास लिहिले. काका त्या वेळी बाजारभावापेक्षा अडीच-तीन टक्क्यांनी महाग होते, ही गोष्ट मला तेव्हाही माहीत होती.

असा फोन यावा म्हणून काय करावं लागतं, आता त्याविषयी. यातल्या बहुतेक गोष्टी पर्चेसच्या टेबलाबाहेर घडतात.

पहिलं, आणि बाकी सगळ्याच्या वर, पैसे ठरल्या दिवशी देणं. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा सांगतो की लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. हे कलम वर्षानुवर्षं कागदावर होतं, कारण गिऱ्हाइकावर तक्रार करून धंदा टिकवणार कोण? आयकर कायद्यात ४३-बी (एच) आलं, २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झालं, आणि मग अकाउंट्सवाल्यांना जाग आली. कारण आता सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षात वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. मी त्या वर्षी अकाउंट्सच्या दारात फाइल घेऊन उभी राहायचे ते थांबलं, ते स्वतःच उद्यम नोंदणी असलेल्या लहान सप्लायरांची यादी मागायला आले.

पण कायद्यासाठी नको, हिशोबासाठी बघा. समजा तुमच्याकडे एका सप्लायरचं २० लाखांचं बिल ६० दिवस जास्त अडकलं. तो बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर १२ टक्के व्याज भरतो. त्याचा नुसता व्याजाचा खर्च ३९ हजारांच्या पुढे जातो, म्हणजे बिलाच्या जवळजवळ २ टक्के. हे २ टक्के तो कुठून आणणार? पुढच्या कोटेशनमधून, नाहीतर मटेरियलमधून. मटेरियलमधून आणले तर तुम्हाला ते वर्षभराने, वॉरंटीमध्ये दिसतील. रिव्हर्स ऑक्शन (सगळ्यात कमी रेटची बोली) लावून तुम्ही २ टक्के कमी करून घेता आणि अकाउंट्सच्या टेबलावर ते परत देऊन टाकता, फक्त ते कुठल्या अहवालात दिसत नाही. उशिराच पैसे देण्याची वेळ आली, तर निदान तारीख सांगा आणि ती पाळा. बिलं ट्रेड्स या, बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर टाकली तर सप्लायरला बँकेकडून लवकर पैसे मिळतात. पण त्यासाठी तुमच्या कंपनीने बिल वेळेवर मंजूर करायला हवं, आणि घोडं तिथेच अडतं.

दुसरी गोष्ट गेटची. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यावर कोणी बोलत नाही.

सप्लायरला तुमची कंपनी दिसते ती तुमच्या गेटवर. तुमच्या कॉन्फरन्स रूममध्ये तो वर्षातून दोनदा येतो, गेटवर त्याचा टेम्पो रोज येतो. आमच्याकडे एकेकाळी सकाळी अकराला आलेली गाडी संध्याकाळी पाचला खाली व्हायची. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) दुसऱ्या दिवशी बनायचा, कधी तिसऱ्या. ड्रायव्हर रस्त्यावर उन्हात उभा. पाणी नाही, संडास नाही. वॉचमन त्याच्याशी अरेतुरेत बोलणार. तो ड्रायव्हर संध्याकाळी परत जाऊन डिस्पॅचवाल्याला काय सांगत असेल? दोन गिऱ्हाइकांची गाडी एकाच वेळी भरायची असेल तर तो डिस्पॅचवाला कोणाची आधी भरेल?

काकांच्याच डिस्पॅचच्या मुलाने मला हे एकदा तोंडावर सांगितलं. "मॅडम, तुमच्याकडे यायला ड्रायव्हर तयार होत नाहीत." मला वाईट वाटलं आणि मी पुढचे तीन दिवस सकाळी गेटवर जाऊन उभी राहिले. मग टोकन सुरू केलं, येण्याची वेळ आणि खाली होण्याची वेळ दोन्ही लिहायला लावल्या. एक शेड टाकली, बाकडं ठेवलं, पाण्याचा कूलर बसवला आणि ड्रायव्हरना आतलं टॉयलेट उघडं केलं. सुरक्षा विभागाने विरोध केला, एचआरने प्रश्न विचारले, पण खर्च इतका किरकोळ होता की शेवटी कोणी अडवलं नाही. दोन तासांच्या आत गाडी मोकळी व्हायला लागली. त्यानंतर सप्लायरांशी माझ्या वागण्यात काही बदल झाला नव्हता, तरी माल लवकर यायला लागला. आषाढी वारीसाठी देहू-आळंदीच्या पालख्या निघतात तेव्हा आपल्या भागातले रस्ते बंद असतात, तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी तीन सप्लायरांनी आम्ही न सांगता आदल्या दिवशीच माल पाठवला. त्यातल्या एकाच्या डिस्पॅचवाल्याने फोनवर म्हटलं, "उद्या गाडी अडकली असती, म्हणून आजच काढली." हे पर्चेस ऑर्डरमध्ये कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून मी नवीन बायरला सांगते की संबंध दोन साहेबांमध्ये नसतात. त्यांच्या डिस्पॅचचा माणूस आणि आपला स्टोअरकीपर, त्यांचा क्वालिटीचा मुलगा आणि आपला इन्स्पेक्टर, या जोड्या जुळल्या पाहिजेत. मालकाशी कितीही छान असलं आणि खाली भांडणं असली तर फोन येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण खरं बोलणं. आपल्याला त्यांच्याकडून वाईट बातमी लवकर हवी असते, आणि स्वतःची मात्र आपण शेवटच्या क्षणापर्यंत दाबून ठेवतो. बहुतेक कंपन्या शेड्यूल फुगवून देतात, "म्हणजे निदान एवढं तरी येईल". सप्लायर मूर्ख नसतो, तो तुमच्या आकड्यातून स्वतःच २० टक्के वजा करतो. मग ज्या महिन्यात तुमचा आकडा खरा असतो त्याच महिन्यात माल कमी पडतो.

२०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिप मिळेनाशा झाल्या आणि गाड्यांचं उत्पादन कापलं गेलं, तेव्हाचं सांगते. एका शुक्रवारी प्लॅनिंगकडून कळलं की पुढच्या महिन्याचं शेड्यूल ४० टक्क्यांनी खाली येणार. वरून सूचना होती, अजून बाहेर सांगू नका. मी आमच्या डायरेक्टरांना गाठलं आणि म्हटलं, सोमवारपर्यंत थांबलो तर हे लोक शनिवार-रविवारात स्टील उचलतील, भट्टी भरतील, आणि तो माल आपल्याच नावाने पडून राहील. ते तयार झाले. त्याच संध्याकाळी मी अकरा सप्लायरांना एकेक फोन केला. नेमका आकडा दिला. आतापर्यंत बनलेला माल आम्ही उचलू, आमच्यासाठी घेतलेलं कच्चं मटेरियल किती आठवड्यांपर्यंत आमची जबाबदारी हेही सांगितलं आणि सोमवारी लिहून दिलं. अकरांपैकी कोणीही भांडलं नाही. एकाने एवढंच म्हटलं, "ताई, तुमच्याकडून आधी कळलं हे बरं झालं, बाकीच्यांकडून गेटवर कळणार."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक सप्लायर आमच्याशी असाच खरेपणाने वागला होता. करोनाची दुसरी लाट होती. १८ एप्रिल २०२१ ला केंद्र सरकारने आदेश काढला की २२ एप्रिलपासून ९ उद्योग सोडले तर बाकी कारखान्यांना ऑक्सिजन देता येणार नाही. तो माणसांना जायलाच हवा होता, त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. पण गॅस कटिंग, फॅब्रिकेशन, लेझर कटिंग करणारी आपल्याकडची शेकडो छोटी शॉप एका आठवड्यात बंद पडायला आली. आमचा लेझर कटिंगवाला तळवड्याचा. आदेश निघायच्या आधीच्या आठवड्यात त्याचा फोन आला. सिलिंडरवाला हात वर करतोय, शिल्लक फार तर चार दिवसांची आहे. पातळ पत्रा तो नायट्रोजनवर कापू शकतो. जाड प्लेटला त्याच्या मशीनवर ऑक्सिजन लागतोच, म्हणून कुठले जाड पार्ट आधी हवेत ते सांगा, तेवढे आज रात्रीपासून कापून ठेवतो. आम्ही दहा मिनिटांत यादी पाठवली. नायट्रोजनचा खर्च जास्त होता, तो त्याने उघड सांगितला आणि आम्ही त्या काळापुरता वाढवून दिला. आणखी एक सप्लायर होता, त्याने २३ तारखेला मेल पाठवला, "अनिवार्य कारणास्तव पुरवठा बंद". दोघांवर सरकारी आदेश एकच होता.

जगातलं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण टोयोटाचं आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला पहाटे जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळाच तिथून जायचा, आणि स्टॉक अगदी थोडा. टोयोटाचे प्लँट बंद पडले. आयसिनने ड्रॉइंग सगळ्यांना देऊन टाकली, आणि ज्यांनी असा व्हॉल्व्ह कधी केला नव्हता अशा कंपन्या तो करायला लागल्या, त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती. मदतीला आलेल्या कंपन्यांची संख्या दोनशेच्या घरात होती, आणि किंमत काय मिळणार हे ठरवायला त्या थांबल्या नाहीत. साधारण आठवड्याभरात टोयोटाची गाडी रुळावर आली. मी ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगते तेव्हा लोक भारावून जातात, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगते: इतका महत्त्वाचा पार्ट एकाच छताखाली ठेवणं ही चूकच होती. चांगले संबंध हा दुसऱ्या सोर्सला पर्याय नाही. उलट, संबंध चांगले असले की आपण आळशी होतो, दुसरा सोर्स करायचं टाळतो. दुसरा सोर्स करा आणि पहिल्याला स्वतः सांगा. त्याला बाजारातून कळलं तर मात्र सगळं संपलं.

आळशीपणाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे "आपला माणूस". आपल्या माणसाचं रिजेक्शन वापरून घेतलं जातं, रेट पाच वर्षं तपासला जात नाही, कोणाचा तरी भाचा मध्ये येतो. तुमच्या साहेबांना ही भीती असेल तर ती रास्त आहे. माझे नियम कडक होते. दिवाळीला जे येईल ते कॅन्टीनला, घरी काही नाही. सप्लायरकडच्या लग्नाला मी जात नसे, दुःखाला मात्र जरूर जायचे. खंडेनवमीला मोठ्या सप्लायरांकडे मशीनच्या पूजेला जायचे, प्रसाद घेऊन निघायचे. आणि वर्षातून एकदा प्रत्येक पार्टचं कॉस्ट शीट समोरासमोर बसून उघडायचे.

कॉस्ट शीट उघडणं हे संबंधांच्या आड येत नाही, त्यानेच ते टिकतात. समजा एका प्रेस पार्टला १.४ किलो पत्रा लागतो आणि पार्टचं वजन १.१ किलो भरतं. पत्रा ६८ रुपये किलो, स्क्रॅप ३२ रुपये. ९५ रुपये २० पैशांचा पत्रा, त्यातून ९ रुपये ६० पैशांचं स्क्रॅप वजा, म्हणजे मटेरियल ८५ रुपये ६० पैसे. यावर त्याचा नफा समजा नगामागे ७ रुपये. पत्रा किलोला ६ रुपयांनी वाढला की नगामागे ८ रुपये ४० पैसे जास्त लागतात. त्याचा सगळा नफा गेला आणि वर पदरचे घालावे लागतात. तुम्ही तिमाहीला रेट अमेंडमेंट करता आणि तीही दोन महिने उशिरा, तर तेवढे पाच महिने तो तोट्यात माल देतो. हे बायरला पाठ असलं पाहिजे. पत्रा उतरला की आपण लगेच मेल पाठवतो, चढला की सही अडकते. मी दोन्हीकडे एकच नियम ठेवला, चढला किंवा उतरला, महिन्याच्या दहा तारखेच्या आत. यामुळे कॉस्ट डाऊन मागताना मला कधी संकोच वाटला नाही, आणि मी मागायचे, भरपूर मागायचे. सायकल टाइम कमी करून, पत्र्यावरच्या तुकड्यांची मांडणी (नेस्टिंग) बदलून, आपल्याच ड्रॉइंगमधला नको तितका कडक टॉलरन्स (मापातली सूट) सैल करून. त्याच्या नफ्यातून मात्र मागितलं नाही.

रिव्हर्स ऑक्शन कुठे लावायचं तेही थोडक्यात. पुठ्ठ्याची खोकी, हातमोजे, स्ट्रेच फिल्म, स्टँडर्ड नट-बोल्ट, जिथे दहा जण तेच देऊ शकतात तिथे खुशाल लावा. व्यवस्थापन सल्लागार पीटर क्रालजिकने १९८३ मध्ये मांडलेली चौकोनांची पद्धत आजही उपयोगी आहे: पुरवठ्यातली जोखीम किती आणि नफ्यावर परिणाम किती, यावरून वस्तूंचे चार गट पाडायचे. सगळ्यांशी सारखे संबंध ठेवायला कोणाकडे वेळ नसतो. तुमचं कास्टिंग, जिथे पॅटर्न आहे, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स आहे, मंजुरीला महिने लागतात, ते खोक्यांच्या गटात नाही, एवढं साहेबांना दाखवा.

आता तुमचे ४ टक्के. समजा ५०० रुपयांचं कास्टिंग, महिन्याला २,००० नग. महिन्याचे १० लाख, त्याचे ४ टक्के ४० हजार, वर्षाचे ४ लाख ८० हजार. ही रक्कम लहान नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. पण समोर हे मांडा: पॅटर्न नवा की जुना हलवायचा, सॅम्पल आणि पीपीएपीचा (नव्या पार्टच्या मंजुरीच्या प्रक्रियेचा) खर्च, मशीनिंगच्या ट्रायल, कोल्हापूरहून येणार म्हणून धरावा लागणारा जास्तीचा स्टॉक. मशीनिंगनंतर सापडणारं रिजेक्शन तर हमखास विसरलं जातं. कास्टिंगचे पैसे डेबिट नोटने वसूल होतात, पण त्यावर आपण केलेलं ३०० रुपयांचं मशीनिंग वाया जातं. रिजेक्शन १ टक्क्याने वाढलं तरी महिन्याला ६ हजार गेले. आणि भोसरीवाल्याच्या नावाची गेल्या दोन वर्षांची यादी काढा: किती वेळा अडलं, किती तास आधी कळलं, स्पेशल गाड्यांवर किती गेले. तुमच्याकडे रजिस्टर नसेल, पण मेल आणि व्हॉट्सअॅपवरून अर्ध्या दिवसात निघेल.

यादीत जर दिसलं की तो शेवटच्या तासाला सांगतो, तर १४ वर्षांना काही अर्थ नाही, कोल्हापूरला जा. तिथल्या फौंड्र्या उत्तम काम करतात. आणि तो आधी सांगणारा असेल, तर कोल्हापूरचं कोटेशन लपवू नका, पण ते दाखवून धमकावूही नका. आपल्या पट्ट्यात बऱ्याच जणांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून बुधवारी दुपारी त्याच्या शॉपवर जा, कॉस्ट शीट घेऊन. फरक कुठे आहे ते दोघं मिळून शोधा. कधी वीज असते, कधी त्याचं यील्ड (ओतलेल्या धातूतून निघणारा चांगला माल) कमी असतं, कधी तुमच्याच लहान लहान लॉटमुळे पॅटर्न वारंवार बदलावा लागत असतो. ४ नाही, पण अडीच टक्के अशा मीटिंगमधून मी अनेकदा निघालेले पाहिलेत.

आणि हलवायचं ठरलंच, तर तेही त्याला तुम्हीच सांगा. काकांकडचं एक कास्टिंग मला एकदा हलवावं लागलं होतं. पार्ट मोठा झाला होता आणि त्यांच्या भट्टीची क्षमता संपली होती. सहा महिने आधी मी त्यांच्या ऑफिसमध्ये जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटचं बिल कधी देणार तेवढं सांगा." आम्ही तारीख सांगितली आणि त्या दिवशी दिलं.

पॅटर्न न्यायला आमची गाडी गेली तेव्हा पॅटर्न पुसून, रंग मारून ठेवलेला होता. कोअर बॉक्सवर नंबर टाकलेले होते. सोबत एक दोनशेपानी वही होती, त्यांच्या शॉपच्या सुपरवायझरच्या हातची. त्यात नऊ वर्षांतलं सगळं होतं: ब्लो होल (हवेमुळे पडणारं भोक) कुठल्या कोपऱ्यात येतो, पावसाळ्यात वाळूतली ओल किती धरायची, कुठल्या कोअरला हवा निघायला जास्तीचं भोक पाडलंय आणि का. आम्ही ती मागितली नव्हती. नव्या फौंड्रीच्या मालकांनी ती चाळली, आणि म्हणाले, "हे आम्हाला शोधायला दीड वर्ष लागलं असतं." त्यांचं पहिलंच सॅम्पल पास झालं.